खाडा कोणाच्या खात्यावर?

आमच्या किनवट-माहूरच्या मुलखात मजुराच्या बोलण्यात ‘रजा’ हा शब्द सहसा येत नाही; येतो तो ‘खाडा’. रजा नोकरदाराची असते. तिच्यासाठी अर्ज असतो, ती मंजूर होते, शिल्लक राहते आणि सेवानिवृत्तीच्या वेळी शिल्लक अर्जित रजेचे रोख पैसेही हाती पडतात. खाडा मात्र पडतो. ताप आला, खाडा पडला. बाळंतपण आले, खाडा पडला. म्हाताऱ्या आईला दवाखान्यात नेले, खाडा पडला. रजेत माणसाचे शरीर विश्रांती घेते आणि त्याची चूल पेटती राहते. खाड्यात शरीर आणि चूल दोन्ही एकाच वेळी विझतात. एकाच देशाच्या, एकाच राज्यघटनेखाली राहणाऱ्या दोन माणसांच्या आजारपणासाठी भाषेने असे दोन शब्द राखून ठेवावेत, यातच आपल्या समाजरचनेचे सारे अर्थशास्त्र आले.

हे अर्थशास्त्र मी आयुष्यभर वर्गात शिकवले. ते समजले मात्र उशिरा, आणि तेही स्वतःच्या घरात. काही वर्षांपूर्वी पत्नीची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा मी तीन आठवड्यांची अर्जित रजा घेतली. पगारातील एक पैसाही कमी झाला नाही. त्याच वर्षी पावसाळ्यात आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंचा मुलगा तापाने फणफणला आणि त्याला घेऊन त्या नऊ दिवस नांदेडला सरकारी दवाखान्यात राहिल्या. महिनाअखेरीस मी हिशेब केला आणि नऊ दिवसांचे पैसे वजा केले. कोणत्याही कायद्याचा भंग मी केला नव्हता. बाईंनी नोटा मोजल्या, पदराच्या टोकाला बांधल्या आणि ‘बरं सर’ एवढेच म्हणून त्या निघून गेल्या. रात्री पत्नीने विचारले, “तुमच्या तीन आठवड्यांचे पैसे कोणी कापले होते?” या प्रश्नाला अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीजवळ उत्तर नव्हते. पुढच्या महिन्यात मी ते पैसे परत केले. परंतु एका प्राध्यापकाला झालेली उपरती म्हणजे सामाजिक न्याय नव्हे. मी कापले हे कायदेशीर होते आणि मी परत केले हे ऐच्छिक होते. दुखणे नेमके येथेच आहे.

म्हणून या लेखाचे म्हणणे आरंभीच स्पष्ट करतो. महाराष्ट्रातील प्रत्येक श्रमिकाला, मग तो कारखान्यात असो, शेतावर असो, वीटभट्टीवर असो की दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात, स्वतःचे आजारपण, बाळंतपण आणि घरातील आजारी माणसाची शुश्रूषा या तीन कारणांसाठी पगारी रजेचा कायदेशीर हक्क मिळाला पाहिजे. आणि त्या रजेचा भार एकट्या मालकावर किंवा एकट्या मजुरावर न पडता समाजाच्या सामाईक निधीवर पडला पाहिजे.

कायदा आहे, पण कोणासाठी?

कोणी म्हणेल, कायदे तर कधीचेच झाले आहेत. झाले आहेत हे खरे. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने आजारी कामगाराला वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळू लागली. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यातील १२ आठवड्यांची रजा २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे झाली. हे दोन्ही कायदे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाले आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. कागदावर पाहिले तर २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा देणारा आपला देश जगातील अनेक श्रीमंत देशांच्या पुढे आहे.

पण कायद्याच्या दारावरील पाटी वाचा. दुकान वा आस्थापना असेल तर तेथे दहा किंवा अधिक माणसे कामाला हवीत. बाळंतपणापूर्वीच्या बारा महिन्यांत त्याच मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेले हवे. विमा योजनेसाठी दरमहा वेतन २१,००० रुपयांच्या आत हवे, आणि आस्थापना ‘हंगामी कारखाना’ नको. या शेवटच्या अटीचा अर्थ मराठवाड्याच्या कार्यकर्त्याने नीट समजून घेतला पाहिजे. हंगामी कारखान्याच्या कायदेशीर व्याख्येत कापसाचे जिनिंग, गासड्या बांधणे आणि साखर व गूळ तयार करणे यांचा नावानिशी समावेश आहे. म्हणजे आमच्या भागात शेतीबाहेर हाताला काम देणारे जे दोन मोठे उद्योग, कापूस आणि साखर, तेच विम्याच्या छत्रातून नेमके वगळले गेले आहेत. जिनिंगच्या धुळीने ज्याची छाती भरते, त्याच्या खोकल्याला विमा नाही. कारण त्याचा खोकला बारमाही असला तरी त्याचा कारखाना हंगामी आहे!

जिनिंगच्या फाटकाबाहेर तर कायद्याची सावलीसुद्धा नाही. कापूस वेचणारी बाई किलोवर मजुरी घेते. वेचला तेवढाच तिचा दिवस. तेंदूपत्त्याच्या हंगामात एप्रिल-मेच्या उन्हात गोंड, कोलाम, आंध कुटुंबे पुड्यांच्या हिशेबाने राबतात. सोयाबीनची काढणी उधड्या कामावर होते. या साऱ्यांना मालक आहे, पण आस्थापना नाही. श्रम आहेत, पण सेवा नाही. अर्जुन सेनगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००७ साली देशापुढे मांडले की, या देशातील दहापैकी नऊहून अधिक श्रमिक अशाच अनौपचारिक स्थितीत जगतात. दहातील एकासाठी केलेल्या कायद्याला आपण देशाचा कायदा म्हणतो आणि उरलेल्या नऊ जणांना अपवाद म्हणतो.

या नऊ जणांत केवळ निरक्षर मजूर आहेत अशीही कोणी समजूत करून घेऊ नये. राज्यातील वरिष्ठ महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणारे हजारो तरुण प्राध्यापक नेट-सेट उत्तीर्ण आहेत, अनेकजण पीएच.डी. आहेत. तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाही. अशीच एक तरुण सहकारी बाळंत होऊन अवघ्या काही आठवड्यांत तान्हे मूल सासूजवळ ठेवून वर्गावर उभी राहिलेली मी पाहिली आहे. त्या तासाला ती विद्यार्थ्यांना ‘मानवी भांडवल’ हा पाठ शिकवत होती. खडूने हात भरलेले असोत की मातीने, खाड्याची जात एकच असते.

उसाच्या फडातील सत्य

खाड्याचे टोक कोठवर जाते हे पाहायचे असेल तर ऊसतोडीकडे पाहावे. दिवाळी झाली की मराठवाड्यातील वाड्यावस्त्यांवरून आणि तांड्यांवरून कुटुंबेच्या कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. कोयत्यातील एक पाते आजारी पडले की दोघांचा दिवस बुडतो आणि वर खाड्यापोटी दंड उचलीत जमा होतो. हा दंड दिवसाला पाचशे रुपयांपर्यंत गेल्याचे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले आहे. बुडालेल्या दिवसाची मजुरी तर नाहीच, उलट आजारी पडल्याबद्दल मजुरानेच मालकाला पैसे देणे लागावे, अशी ही व्यवस्था आहे.

२०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातील पाहणी आली. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. सहापैकी एक! यातील प्रत्येक शस्त्रक्रियेचे कारण खाडाच होते असे मी म्हणणार नाही. अज्ञान होते, नफेखोर दवाखाने होते, कोवळ्या वयातील लग्ने आणि बाळंतपणे होती. परंतु महिन्याच्या चार दिवसांची विश्रांती जिला परवडत नाही, दुखणाऱ्या पोटावर उपचार करून घेण्यासाठी जिला आठवडा मिळत नाही, तिला ‘पिशवीच काढून टाक, कटकट मिटेल’ हा सल्ला पटावा यात नवल कोणते? रजेचा हक्क नसलेल्या समाजात बाई रजेऐवजी आपला अवयव देते. याहून भयानक वाक्य माझ्या लेखणीतून आजवर उतरलेले नाही, आणि ते अतिशयोक्त असते तर मला आनंद झाला असता.

डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली सांगितलेली गोष्ट

हा प्रश्न नवा नाही, आणि त्याचे उत्तरही नवे नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात आसवले यांनी गिरणीतील स्त्री-कामगारांसाठी प्रसूती लाभाचे विधेयक मांडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा विधिमंडळाचे सदस्य होते. २८ जुलै १९२८ च्या आपल्या भाषणात त्यांनी विधेयकाला पाठिंबा दिला आणि दोन मुद्दे मांडले. बाळंतपणापूर्वी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. म्हणून या खर्चाचा मोठा वाटा वस्तुतः सरकारने उचलावयास हवा. आणि स्त्रियांच्या श्रमातून मालकाला लाभ होतो, तेव्हा सरकार उचलत नाही तोवर मालकाला या जबाबदारीतून सुटका नाही. पुढच्याच वर्षी, १९२९ साली, मुंबई प्रांतात हा कायदा झाला आणि गिरणीतील बाळंतिणीला दिवसाला आठ आणे मिळू लागले.

या दोन मुद्द्यांपैकी दुसरा आपण उचलला आणि पहिला विसरलो. सारा भार मालकावर टाकला. परिणाम काय झाला? ज्या मालकाला २६ आठवड्यांचा पगार स्वतःच्या गल्ल्यातून द्यावा लागतो, तो लग्नाच्या वयाच्या मुलीला नोकरी देतानाच मागे सरतो; दहावा कामगार हजेरीपटावर चढणार नाही याची काळजी घेतो; एका कामगाराचे दोन ठेकेदार करतो. कायद्याचा हेतू स्त्रीला संरक्षण देण्याचा आणि त्याचा परिणाम तिला दारातून परत पाठवण्याचा, असा विपर्यास त्यातून होतो. आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने १९१९ च्या आपल्या पहिल्याच अधिवेशनात प्रसूती लाभ सार्वजनिक निधीतून किंवा विम्यातून द्यावा असे ठरवले होते, ते याचसाठी. जर्मनीत १८८३ साली आजारविमा आला तो याच तत्त्वावर. पुढे १९४३ साली प्रा. भा. पु. आडारकर यांच्यावर कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपवण्यात आले, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते ते डॉ. आंबेडकरच. त्या योजनेतूनच १९४८ चा विमा कायदा जन्मला. जोखीम सर्वांची, म्हणून निधीही सर्वांचा, हे सूत्र आपल्या घरचे आहे.

‘मालक कोण?’ या प्रश्नाचे उत्तर

सरकारी अधिकारी आणि शहरी अर्थतज्ज्ञ यांचा ठरलेला प्रश्न असतो: शेतमजूर आज एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या, त्याला रजा द्यायची कोणी? प्रश्न बिनतोड वाटतो, पण महाराष्ट्राने त्याचे उत्तर पन्नास वर्षांहून अधिक काळ मागेच दिले आहे. बाजारातला हमाल सकाळी एका आडत्याचे पोते उचलतो, दुपारी दुसऱ्याचे. त्याचा मालक कोण? १९६९ च्या माथाडी कायद्याने सांगितले: मालक अनेक असोत, मंडळ एक असेल. हमाली देणाऱ्या प्रत्येकाने मजुरीबरोबर ठरावीक लेव्ही मंडळात भरावी आणि मंडळाने हमालाला मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, उपदान आणि पगारी सुट्या द्याव्यात. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी आणि पुण्यात, २०२५ च्या डिसेंबरात आपल्याला सोडून गेलेल्या बाबा आढावांनी हमालांना संघटित करून ही व्यवस्था उभी करायला लावली. पाठीवर पोते वाहणाऱ्या माणसाला जर पगारी सुटी देता येते, तर डोक्यावर कापसाचे गाठोडे वाहणाऱ्या बाईला का देता येऊ नये?

दुसरे उत्तर त्याहून जवळचे आहे. आदिवासी भागासाठीच्या नवसंजीवन योजनेत आणि कुपोषित बालकांच्या उपचार केंद्रांत, दाखल झालेल्या बालकाजवळ राहणाऱ्या आईला ‘बुडित मजुरी’ देण्याची तरतूद आहे. किनवटला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय असल्याने हा शब्द आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे. या दोन शब्दांत शासनाने आपला कबुलीजबाब लिहून ठेवला आहे: आजाऱ्याजवळ बसलेल्या माणसाची मजुरी बुडते, आणि ती भरून देणे हे शासनाचे काम आहे. तत्त्व मान्य आहे. भांडण फक्त व्याप्तीचे आहे. कुपोषित बालकाच्या आईला बुडित मजुरी द्यायची आणि न्यूमोनिया झालेल्या बालकाच्या आईला नाही, हा भेद कोणत्या न्यायशास्त्रात बसतो? मूल हाडांचा सापळा होईपर्यंत शासनाने वाट का पाहावी?

राज्याला असा कायदा करता येतो काय, हीही शंका घेतली जाते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४१ मध्ये आजारपणात साहाय्य मिळण्याचा आणि अनुच्छेद ४२ मध्ये प्रसूती साहाय्याचा निर्देश आहे. सामाजिक विमा आणि प्रसूती लाभ हे विषय समवर्ती सूचीत आहेत. दिल्ली महापालिकेच्या रोजंदारी स्त्री-कामगारांनाही प्रसूती लाभ मिळाला पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिला. तमिळनाडूने गरीब मातांसाठी डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाची योजना चालवून साहाय्याची रक्कम १८,००० रुपयांपर्यंत नेली. भांडवलशाहीचे माहेरघर असलेल्या अमेरिकेतसुद्धा १९९३ च्या केंद्रीय कायद्याने केवळ बिनपगारी रजा दिली, म्हणून कॅलिफोर्निया राज्याने २००२ साली स्वतःचा कौटुंबिक रजेचा कायदा केला आणि २००४ पासून कामगारांच्या अल्प वर्गणीतून पगारी रजा सुरू केली. त्यानंतर एकेक राज्य त्या वाटेने गेले. १ जानेवारी २०२६ पासून मिनेसोटाही त्यात आले. केंद्राच्या तोंडाकडे पाहत न बसता राज्याने पुढे व्हावे, हा धडा तर मूळचा महाराष्ट्राचाच आहे.

पैसा आहे काय?

१९७२ च्या दुष्काळात मी शाळकरी मुलगा होतो. खडी फोडणाऱ्या बायांच्या शेजारी झोळीत टांगलेली लेकरे आणि दुपारी वाटली जाणारी सुकडी मी पाहिली आहे. त्या दुष्काळाच्या पोटातून रोजगार हमी आली. वि. स. पागे यांनी मांडलेल्या त्या कल्पनेलाही ‘पैसा कोठून आणणार?’ असेच विचारले गेले होते. उत्तर म्हणून १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला: शहरातील नोकरदाराने आणि व्यावसायिकाने कर द्यावा, तेवढीच रक्कम शासनाने घालावी आणि खेड्यातल्या माणसाच्या हाताला काम मिळावे. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला आणि २००५ साली साऱ्या देशाने त्याचे अनुकरण केले. नोकरदाराच्या पगारातून मजुराच्या बेकारीचा विमा उतरवणारे हे राज्य आहे. तेच सूत्र आजारपणापर्यंत नेणे एवढाच आता प्रश्न आहे.

हिशेब मांडून पाहू. यातील आकडे गृहीतके आहेत आणि ती मी जाणूनबुजून सढळ हाताने धरली आहेत. राज्यात पंधरा लाख माता दरवर्षी कोणत्याही पगारी रजेविना बाळंत होतात असे समजा. त्यांना १२ आठवडे, म्हणजे ८४ दिवस, दररोज ३०० रुपये दिले तर ३,७८० कोटी रुपये होतात. दोन कोटी असंघटित श्रमिकांना वर्षाकाठी सरासरी पाच दिवसांच्या आजारपणापोटी ३०० रुपयांच्या ७० टक्के, म्हणजे २१० रुपये रोज दिले तर २,१०० कोटी. घरातील आजाऱ्याच्या शुश्रूषेसाठी त्याच दराने सरासरी दोन दिवस धरले तर ८४० कोटी. एकूण ६,७२० कोटी. आता दुसरा आकडा ठेवा. २०२४ च्या जूनमध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जाहीर करताना याच राज्य सरकारने वर्षाला ४६,००० कोटी रुपये खर्चाचा अंदाज सांगितला होता. आपली मागणी त्याच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास आहे. तेव्हा तिजोरी रिकामी असल्याचे कारण या सरकारने आपल्याला सांगू नये.

येथे गैरसमज नको. बहिणीच्या हाती १,५०० रुपये पडले याचे मला दुःख नाही. तिच्या श्रमाचे समाज तिला जे देणे लागतो, त्याच्या मानाने ती रक्कम क्षुल्लकच आहे. आक्षेप आहे तो नात्याला. ओवाळणी भाऊ घालतो तेव्हा ती किती घालायची, केव्हा घालायची आणि केव्हा आखडायची हेही भाऊच ठरवतो. निवडणुकीनंतर, २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात, तीच तरतूद ३६,००० कोटींवर आली. हक्काला असा ऋतू नसतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचे वचन दिले होते. २०१७ ला आलेल्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेने ते पहिल्या अपत्यापुरते आणि ५,००० रुपयांपुरते आखडले. दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,००० ही भर नंतर पडली. ३०० रुपये रोजाने ५,००० म्हणजे सतरा दिवसांचीही मजुरी नव्हे. सरकारी कचेरीतील माता १८० दिवस विसावते आणि तिने विसावलेच पाहिजे. पण तांड्यावरच्या मातेचे शरीर सतरा दिवसांत भरून येते, असे कोणत्या वैद्यकाने सिद्ध केले आहे?

निधीचे मार्ग उघड आहेत. व्यवसाय कराची कमाल मर्यादा १९८८ पासून वर्षाला २,५०० रुपयांवर खिळून आहे. माझा पगार काही शेकड्यांवरून लाखावर गेला, कर मात्र महिना २०० आणि फेब्रुवारीत ३०० एवढाच राहिला. ही मर्यादा राज्यघटनेतील असल्याने ती वाढवण्यासाठी संसदेकडे जावे लागेल. तशी मागणी विधिमंडळाने एकमुखाने केली पाहिजे. तोवर ऊस, कापूस आणि तेंदूपत्ता यांच्या उलाढालीवर लेव्ही बसवता येईल. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी गाळपाच्या टनामागे दहा रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच शासनाने द्यावेत हे तत्त्व स्वीकारलेच गेले आहे. बांधकामावरील एक टक्का उपकर १९९६ च्या कायद्याने गोळा होऊ लागला, आणि तो निधी वर्षानुवर्षे पडून राहिल्याबद्दल न्यायालयाने ताशेरे ओढले आहेत. पैसा आहे, त्याला मजुराच्या घराची वाट दाखवावी लागेल.

आपल्याच साथींचे आक्षेप

विरोधकांना उत्तर देणे सोपे असते. साथींना देणे कठीण. एक साथी म्हणतात, “आधी किमान वेतनाचा लढा, मग रजेचे बघू.” मला वाटते हे दोन लढे नाहीतच. वर्षातले पंचवीस दिवस आजारपणात बुडत असतील तर मिळालेले किमान वेतनसुद्धा वर्षाच्या हिशेबात किमानाखाली जाते. शिवाय मजूर सावकाराच्या दारी जातो तो बहुधा आजारपणात. औषधोपचारासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, पण ती खाटेचे पैसे भरते, चुलीचे नाही. शस्त्रक्रिया फुकट झाली आणि घर कर्जात बुडाले, हे दृश्य आपल्यापैकी कोणी पाहिले नाही?

दुसरा आक्षेप असा की, यात खोटे दाखले बोकाळतील. बोकाळतील थोडेफार, ते आमच्या वर्गातही होतेच. प्राध्यापकाच्या वैद्यकीय दाखल्यावर विश्वास ठेवायचा आणि कोलामाच्या तापावर संशय घ्यायचा, हा वर्गीय पूर्वग्रह आहे. गरोदरपणाची नोंद प्राथमिक आरोग्य केंद्रात होतेच, दाखल रुग्णाची रुग्णालयात होतेच. नवे कागद न मागता याच नोंदींवर लाभ देता येईल.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, म्हणून मीच बोलतो. संघटित कामगारांच्या आपल्या काही मित्रांना भीती वाटते की, सर्वांसाठी निधी झाला तर आपले २६ आठवडे खाली येतील. त्यांना सांगितले पाहिजे की, वरच्या पायरीवरच्याला खाली ओढण्याची ही योजना नाही. जो जिन्याबाहेर उभा आहे त्याला पहिली पायरी देण्याची आहे. पण हेही सांगितले पाहिजे की, दहातील एकाचे हक्क नऊ जणांच्या हक्कशून्यतेच्या दलदलीत फार काळ तग धरत नाहीत. ठेकेदारीने ते आपल्याला शिकवलेच आहे.

आता काय करावयाचे?

मागण्या थोड्या आणि स्पष्ट असाव्यात. एक: राज्यव्यापी पगारी रजा निधीचा कायदा, योजना नव्हे. दोन: प्रत्येक मातेला, अपत्यांची संख्या न पाहता, किमान १२ आठवडे पूर्ण किमान वेतनाने. तीन: आजारपणात आणि घरच्या आजाऱ्याच्या शुश्रूषेसाठी किमान वेतनाच्या ७० टक्के, आणि ही शुश्रूषेची रजा पुरुषालाही, कारण आजाऱ्याजवळ बसणे हे बाईचेच काम आहे असे कायद्याने मानता कामा नये. चार: खाड्यापोटी दंड घेणे हा दखलपात्र गुन्हा. पाच: हंगामी कारखान्यांना विम्यातून मिळालेली सूट रद्द करण्यासाठी राज्याने केंद्राकडे आग्रह धरावा.

परंतु निवेदने देऊन कायदे होत नाहीत, हे आपल्या पक्षाला सांगण्याची गरज नाही. माझी सूचना साधी आहे. प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी दहा गावे, तांडे, गुडे, पोड निवडावेत आणि वर्षभर ‘खाडावही’ ठेवावी. कोणाचा दिवस कोणत्या कारणाने बुडाला, किती मजुरी गेली, किती कर्ज झाले, एवढ्याच नोंदी. नावे जाहीर करू नयेत. बेरीज जाहीर करावी. किनवट तालुक्यातील दहा गावांची वही ठेवण्याचे काम मी आणि माझे काही जुने विद्यार्थी पत्करत आहोत. वर्षअखेरीस या वह्या घेऊन जिल्हाधिकारी कचेरीवर आणि तेथून विधानसभेवर जाऊ. शासन आकडे मागते. ते मजुराने स्वतः मोजलेले असतील.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना आता महिन्यात चार आणि आजारपणात लागतील तितक्या पगारी सुट्या आहेत. त्यांनी मला विचारले, “सर, पलीकडच्या गल्लीतल्या बाईला सांगू का, तिनं पण मागाव्यात म्हणून?” मी म्हटले, जरूर सांगा. त्यावर त्या म्हणाल्या, “पण तिची मालकीण ऐकल का?” तिची मालकीण ऐकेल की नाही, यावर जोवर तिचा ताप अवलंबून आहे, तोवर आपले काम शिल्लक आहे.